अंधारात आधी ओळख जाते, मग नेम

रात्रीच्या पोलीस चकमकीची बातमी आली की आमच्या सोसायटीच्या बाकावर दोन प्रश्न हमखास निघतात. पहिला, "पायावर का नाही मारली?" आणि गोळ्या फुकट गेल्याचं छापून आलं असेल तर दुसरा, "एवढं ट्रेनिंग असून नेम चुकतो कसा?" मी पिस्तूल नेमबाजी करतो हे ठाऊक असल्यामुळे तळमजल्यावरचे काका दोन्ही प्रश्न माझ्याकडेच सरकवतात. उत्तर बाकावरच्या पाच मिनिटांत मावणारं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. मी खेळाडू आहे, पोलीस नाही. कुठली चकमक खरी आणि कुठली खोटी, यात मी पडणार नाही. मला बोलायचंय ते डोळा, हात आणि उजेड यांच्याबद्दल.

## आधी भर उजेडातला नेम

पिस्तुलावर दोन साईट असतात. मागची म्हणजे मधोमध खाच असलेली पट्टी आणि पुढची म्हणजे नळीच्या टोकाजवळचा छोटा उंचवटा. जुने बंदूकवाले या पुढच्या साईटला माशी म्हणतात, मीही तेच म्हणतो. माशी खाचेच्या बरोबर मध्ये आणायची, दोघींचा माथा एका रेषेत ठेवायचा आणि माशीच्या डाव्या-उजव्या बाजूला उजेडाची सारखी फट सोडायची. नजर माशीवर. समोरचं लक्ष्य थोडं धूसर दिसलं तरी चालतं, किंबहुना तसंच दिसायला हवं. नवीन मुलं नेमकं उलटं करतात. लक्ष्याकडे टक लावून बघतात आणि माशी कुठे गेली त्याचा पत्ता नसतो.

माशीचं एवढं का, ते हिशेबाने बघा. पोलिसांकडे असतं तशा पिस्तुलात दोन साईटमधलं अंतर साधारण १५ सेंटीमीटर धरू. माशी खाचेत फक्त एक मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर गोळी जवळजवळ ७ सेंटीमीटर बाजूला जाते. २५ मीटरवर साधारण १७ सेंटीमीटर. एक मिलिमीटर म्हणजे एटीएम कार्डाच्या जाडीपेक्षा जरासा जास्त. १० मीटर एअर पिस्तुलाच्या खेळात दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. तिथे हा एक मिलिमीटर काय करत असेल ते सांगायला नको.

म्हणजे नेम धरला जातो तो माशीच्या दोन बाजूंच्या फटीतल्या उजेडाने. उजेड गेला की मोजायला काही उरतच नाही.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय नेमबाजीच्या नियमांत बंदिस्त रेंजवरच्या लक्ष्यावर किमान १५०० लक्स उजेड लागतो. लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप. मेणबत्तीपासून एक मीटरवर जेवढा उजेड पडतो, तो साधारण एक लक्स. भर दुपारच्या उन्हात हा आकडा एक लाखाच्या घरात जातो, रस्त्याच्या दिव्याखाली दहा-वीसवर येतो आणि पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्ससुद्धा भरत नाही. खेळाडू सराव करतो १५०० वर आणि रात्रीच्या गल्लीत पोलीस उभा असतो दहावर.

हे मला पुस्तकाआधी एका जुलैच्या संध्याकाळी कळलं. २५ मीटरच्या रेंजवर पॉइंट टू-टूचा, म्हणजे छोट्या गोळीच्या पिस्तुलाचा, सराव चालू होता. पावसाचे ढग असे काही दाटून आले की सहा वाजताच सात वाजल्यासारखं वाटायला लागलं. लक्ष्यावरचे दिवे लावलेले होते, पण आम्ही उभे होतो ती जागा अंधारली. माझ्या गोळ्या डावीकडे पसरायला लागल्या. मी आणखी जोर लावून बघायला लागलो. सर मागे येऊन उभे राहिले. "थांब. पिस्तूल खाली. माशी दिसतेय का तुला?" मी म्हणालो, "हो सर." त्यांनी पिस्तूल रिकामं करून घेतलं, पुन्हा हात उचलायला लावला आणि म्हणाले, "आता नीट बघून सांग." नीट बघितलं तेव्हा कळलं की काळ्या खाचेत काळी माशी विरघळून गेली होती. गेल्या दहा-बारा गोळ्या मी माशी दिसते असं समजून झाडत होतो. दिसत होती ती सवय.

## डोळ्यात नेमकं काय होतं

शाळेत शिकलोय ते आठवा. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात, शंक्वाकार आणि दंडाकार. सोयीसाठी शंकू आणि दांडे म्हणू. शंकू ६० लाखांच्या आसपास. बारकावे आणि रंग त्यांचं काम, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दांडे सुमारे १२ कोटी. ते थोड्या उजेडातही काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही आणि बारकावेही नाहीत.

खरी मेख पुढे आहे. पडद्याच्या अगदी मधल्या ठिपक्यात दांडे नसतातच. हात लांब करून अंगठ्याचं नख डोळ्यासमोर धरा. ते जेवढी जागा झाकतं, साधारण तेवढ्याच भागाचं आपण त्या ठिपक्याने बघतो, आणि पिस्तुलाची माशी नेमकी तिथेच येते. म्हणजे उजेड अगदीच कमी झाला की ज्या वस्तूकडे आपण सरळ बघतो, तीच दिसेनाशी होते.

वांगणीला आकाशदर्शनाला गेलेल्यांना हे माहीत असेल. देवयानी दीर्घिका दाखवताना सांगतात, "सरळ बघू नका, जरा बाजूला बघा." बाजूला बघितलं की ती धुरकट पुंजकी दिसते, सरळ बघितलं की गायब. आकाशात ही युक्ती चालते. पिस्तुलाच्या माशीकडे मात्र बाजूने बघून नेम धरता येत नाही.

दांड्यांना जागं व्हायला वेळही लागतो. दुपारच्या खेळाला उन्हातून थिएटरात शिरलं की पहिली पाच मिनिटं लोकांच्या पायांवरून चालावं लागतं, आणि अर्ध्या तासाने शेजारच्याचे पॉपकॉर्नसुद्धा दिसतात. दांड्यांतलं ऱ्होडॉप्सिन नावाचं रसायन उजेडाने फुटतं आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होतं. पूर्ण भरायला तीस ते चाळीस मिनिटं लागतात, रिकामं व्हायला एक झगझगीत दिवा पुरतो. सोसायटीच्या टाकीसारखं आहे हे. व्हॉल्व्ह उघडा राहिला तर क्षणात खडखडाट, आणि पंप अर्धा तास चालतो तेव्हा कुठे पाणी वर चढतं. लाल उजेडाने दांडे फारसे बिथरत नाहीत, म्हणून आकाशदर्शनाला टॉर्चवर लाल जिलेटिन पेपर लावायला सांगतात.

पिस्तूल झाडताना हीच टाकी आपण स्वतः रिकामी करतो. गोळीमागचा तापलेला वायू नळीतून बाहेर पडताना हवेत भडकतो. दिवसा तो भडका जाणवतही नाही. अंधारात मात्र डोळ्यासमोर हिरवा-जांभळा डाग राहतो आणि दुसरी गोळी त्या डागातून बघून मारावी लागते.

रंगांचंही तसंच. उजेड उतरला की लाल रंग आधी काळा पडतो आणि निळा त्या मानाने उजळ दिसतो. तिन्हीसांजेला जास्वंदीचं फूल काळपट दिसतं आणि गोकर्ण उठून दिसते, ते यामुळेच. रात्री "काळ्या शर्टातला होता" असं सांगणारा साक्षीदार खोटं बोलत असेलच असं नाही. शर्ट लाल असू शकतो.

आणि चाळिशी लागलेल्यांसाठी आणखी एक. अंधारात बाहुली मोठी होते. कॅमेऱ्याची लेन्स जास्त उघडली की मागचं-पुढचं धूसर होतं, तसंच डोळ्याचं होतं. हातभर अंतरावरची माशी आणि लांबचं लक्ष्य दोन्ही जेमतेम सांभाळणारी नजर तेवढंही सांभाळू शकत नाही. माझ्या वयाच्या लोकांना रेंजवर हे आधी जाणवतं, विशीतल्या मुलांना समजावून सांगावं लागतं.

## मुंबईत खरा अंधार असतो का?

नसतो, आणि अडचण तीच आहे. चाळीच्या जिन्यात वरच्या मजल्यावर एक ट्यूब, खाली काळोख. गल्लीच्या तोंडाशी पांढरा झगझगीत एलईडी, आत पत्र्यांच्या सावल्या. डोळा त्या झगझगीत दिव्याला जुळवून घेतो आणि सावलीतला माणूस नुसता आकार होऊन उरतो.

आपल्याकडे दोरी आणि सापाचा दृष्टान्त पूर्वापार आहे. त्यातली एक अट लोक विसरतात. मिट्ट काळोखात दोरीचा साप होत नाही, कारण दोरीच दिसत नाही. भर उन्हातही होत नाही. साप होतो तो मंद उजेडात, कारण तिथे काहीतरी दिसतं पण काय ते कळत नाही. उरलेलं मन भरून काढतं, आणि घाबरलेलं मन नेहमी सापच भरतं.

गेल्या पावसाळ्यात रात्री अकराला घरी येत होतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक माणूस भिंतीला टेकून उभा, हात कमरेशी, हातात काहीतरी लांब आणि काळं. माझं पाऊल जिथल्या तिथे थांबलं. तेवढ्यात तो म्हणाला, "साहेब, लाईट गेलीय जिन्यातली." आमचा वॉचमन होता, छत्री घेऊन. मी वर्षानुवर्षं हातात पिस्तूल धरणारा माणूस. मला छत्रीची मूठ कळली नाही, ओळखीचा चेहरा कळला नाही, आणि अंतर फार तर चार मीटर असेल. चार मीटरवर नेम चुकण्याची शक्यता कमीच. भीती वाटते ती नेम न चुकण्याची.

अंधारातल्या नेमबाजीबद्दल मला सांगायचंय ते हेच. लोक विचारतात गोळी लागेल का. त्याआधी विचारायला हवं, समोर कोण आहे, त्याच्या हातात काय आहे आणि त्याच्या मागे कोण आहे.

## टॉर्च, लेसर, चमकणारी साईट लावली की झालं ना?

काही प्रमाणात होतं, पण प्रत्येक साधन काय सांगतं ते वेगवेगळं बघायला हवं.

चमकणाऱ्या साईटमध्ये ट्रिटियम नावाचा हायड्रोजनचा किरणोत्सारी भाऊबंद असतो. काचेच्या बारीक नळीत तो बंद करतात आणि आतला लेप त्याच्यामुळे उजळत राहतो. बॅटरी लागत नाही. बारा वर्षांत त्याचा जोर निम्मा होतो. हिरवे ठिपके दिसतात, माशी सापडते. लेसरचा लाल ठिपका गोळी साधारण कुठे जाईल ते दाखवतो. ही दोन्ही साधनं फक्त पिस्तुलाबद्दल सांगतात. समोरच्या माणसाबद्दल अवाक्षर नाही. जिन्यात माझ्याकडे लेसर असता तर वॉचमनच्या छातीवर लाल ठिपका आला असता, इतकंच.

ओळख पटवणारं साधन एकच, टॉर्च. पण पिस्तुलालाच जोडलेल्या टॉर्चमध्ये एक मोठा धोका आहे. जे बघायचं त्याच्यावर नळी रोखावी लागते. घरातलं मूल पाणी प्यायला उठलं असेल, तर ते बघण्यासाठी तुम्ही त्याच्यावर पिस्तूल रोखलेलं असतं. म्हणून पोलिसांच्या आणि सैन्याच्या प्रशिक्षणात हातातला टॉर्च वेगळा वापरायलाही शिकवतात, आणि बोट ट्रिगरच्या बाहेर ठेवण्यावर इतका भर देतात. शिवाय पांढऱ्या भिंतीवरून उलटलेला झोत आपल्यालाच दिपवतो. पावसात तर फारच. धुक्यात खंडाळ्याच्या घाटात गाडीचा हाय बीम मारून बघितलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

## सरावाने अंधारात दिसायला लागतं का?

नाही. डोळ्याची क्षमता सरावाने वाढत नाही. गाजरं खाऊनही वाढत नाही. अ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर रातांधळेपणा येतो आणि ती भरून काढली की तो सुधारतो. पण धडधाकट माणसाने किलोभर गाजर हलवा खाल्ला तरी मांजर होत नाही.

सरावाने तीन गोष्टी होतात. पहिली, हाताची. पिस्तूल उचललं की माशी आपोआप खाचेच्या जवळपास यायला हवी. यासाठी खेळाडू ड्राय प्रॅक्टिस करतात, म्हणजे गोळीशिवाय नुसता नेम आणि ट्रिगर. त्याची शिस्त कडक असते. गोळ्या त्या खोलीतसुद्धा नकोत. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा तपासायचं, आणि अंधुक उजेडात डोळ्याने तर तपासायचंच, वर करंगळीने चाचपूनही. डोळे मिटून पिस्तूल उचलायचं, मग उघडून माशी कुठे आली ते बघायचं. मी रोज रात्री वीस वेळा करतो. मनगटाची जी चूक दिवसा डोळा झाकून घेतो, ती इथे उघडी पडते.

दुसरी गोष्ट रेंजची शिस्त. दिवे मंद करून प्रत्यक्ष गोळीबार करायचा तर तो फक्त त्यासाठी मंजूर असलेल्या रेंजवर आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच. क्लबच्या रेंज, मग ती वरळीची असो की आणखी कुठली, मुळात उजेडातल्या खेळासाठी आहेत. कमी उजेडातला गोळीबार हा पोलीस आणि सैनिकी प्रशिक्षणाचा भाग आहे. तिथे नेमबाजांच्या पाठीवर चमकणाऱ्या कांड्या लावतात, म्हणजे कोण कुठे उभा आहे ते मागून दिसतं. सुरुवात दिवसा होते. तोच धडा आधी उजेडात, मग अर्ध्या दिव्यांत, मग त्याहून कमी. दिव्यांबरोबर वेगही उतरवतात. अनलोडचा हुकूम झाला की नळी पुन्हा एकदा तपासली जाते. आमच्या खेळात नळीतून आरपार केशरी दोरी घालतात. दुरूनही कळतं की हे हत्यार रिकामं आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, ओळखण्याचा सराव. पुठ्ठ्याच्या माणसांच्या हातात वेगवेगळ्या वस्तू असतात. एकाकडे पिस्तूल, एकाकडे मोबाईल, एकीच्या कडेवर मूल. दिवा दोन सेकंद लागतो आणि विझतो. इथे न झाडलेल्या गोळीलाही गुण असतात. मला वाटतं, प्रशिक्षण चांगलं की वाईट हे ओळखायचं तर या धड्याला किती वेळ दिला जातो तेवढं बघावं. काडतुसं किती झाडली याचा हिशेब सोपा असतो, म्हणून सगळे तोच मांडतात.

## मग पायावर का नाही मारत?

आता काकांचा पहिला प्रश्न. माणसाचा पाय अरुंद असतो आणि पळताना तोच सगळ्यांत जास्त हलतो. गल्लीत दिवा वरून पडतो, त्यामुळे पाय बहुतेक सावलीत असतात. एका मिलिमीटरला सात सेंटीमीटरचा हिशेब इथे लावा, आणि त्यात धाप, भीती, समोरून येणारी गोळी घाला. चुकलेली गोळी हवेत विरत नाही. साध्या पॉइंट टू-टूची गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते, आणि मुंबईत कुठल्याही गोळीच्या मागे कुणाची तरी खिडकी असते. शिवाय पायावरची गोळी जिवावर बेतत नाही हा गैरसमज आहे. मांडीतली मोठी रक्तवाहिनी फुटली तर काही मिनिटांत माणूस जातो.

"म्हणजे पोलिसांनी काहीही केलं तरी चालेल?" काकूंनी मध्येच विचारलं होतं, आणि रास्तच विचारलं होतं. नाही चालणार. अंधार ही अडचण आहे, सबब नव्हे. मुंबईतल्या चकमकींवरूनच न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात, पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये चकमकीतल्या मृत्यूंच्या स्वतंत्र तपासासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. उजेड किती होता, अंतर किती होतं, काय दिसणं शक्य होतं, हे प्रश्न त्या तपासात विचारता येतात आणि विचारायलाच हवेत. त्यासाठीच तर आपल्याला डोळ्याचं हे शास्त्र ठाऊक हवं.

आणि २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आपण मुंबईकर कशी विसरू? गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठी होती. त्यांनी एके-४७ ची नळी हाताने धरून ठेवली. त्या रात्रीनंतर महाराष्ट्राने फोर्स वन ही पोलिसांची खास कमांडो तुकडी उभी केली. पण नाक्यावर रात्रपाळीला उभा राहतो तो साधा शिपाई. अर्धवट उजेडातला ओळखण्याचा सराव त्याला मिळायला हवा, आणि नियमित मिळायला हवा.

## घरात परवान्याचं पिस्तूल असेल तर?

ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांना हात जोडून सांगतो, गच्चीवर, फार्महाऊसवर, मोकळ्या माळावर "जरा रात्रीचा सराव" करू नका. शस्त्र कायदा १९५९ चा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने बेफिकीर गोळीबार करून किंवा लग्न-मिरवणुकीत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेतही आहे, पण गरजेपुरतंच बळ ही अट त्याला जोडलेली आहे, आणि गरज होती की नाही हे समोर कोण होतं ते कळल्याशिवाय ठरत नाही.

रात्री घरात आवाज झाला तर पहिला हात दिव्याच्या बटणाकडे जाऊ दे. मग नाव घेऊन हाक मारा. मग ११२.

## घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग

यात पिस्तूल कुठेही नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस सुरू व्हायच्या आत मी आणि मुलगी सोसायटीच्या गच्चीवर गेलो. दहा मीटर मोजून खडूने रेघ मारली. तिच्याजवळच्या पिशवीत टीव्हीचा रिमोट, मोबाईल, किल्ल्यांचा जुडगा, काळा कंगवा आणि घडी केलेली छोटी छत्री. ती पाठमोरी उभी राहणार, एक वस्तू घेऊन वळणार, मी दोन सेकंदांत ओळखायची. तिने वहीत लिहून ठेवायचं.

सव्वासातला सूर्य बुडाला तेव्हा पाचपैकी पाच बरोबर. साडेसातला चार, रिमोटचा मोबाईल झाला. पावणेआठला शेजारच्या इमारतीचे दिवे लागले होते, तिच्या मागून उजेड येत होता, आणि पाचपैकी दोन. त्यानंतर तिने आणखी एकदा वळून हात पुढे केला. मी ठामपणे म्हणालो, "मोबाईल." ती जवळ आली आणि तळवा माझ्या डोळ्यासमोर धरला. त्यात काहीच नव्हतं.